पाहुणा यावा, यजमान गावातच राहावा

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा स्थळाचा मान मिळाला. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा आणि साल्हेर हे डोंगरी किल्ले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले. आणि दूर तमिळनाडूतील जिंजी. बारापैकी अकरा दुर्ग महाराष्ट्राच्या भूमीवर उभे आहेत. ज्या दुर्गांनी स्वराज्य राखले, त्यांचे मोल जगाने मान्य केले, या वार्तेने प्रत्येक मराठी मन अभिमानाने भरून यावे हे स्वाभाविकच होते.

अभिमानाचा पहिला बहर ओसरल्यावर मात्र एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. जागतिक वारशाच्या यादीत नाव आले की पाहुण्यांचा ओघ वाढतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. हा ओघ उद्या रायगडाखालच्या पाचाडला, राजगडाखालच्या गुंजवण्याला, सुवर्णदुर्गासमोरच्या हर्णैला आणि खांदेरीसमोरच्या थळला येऊन पोहोचेल. तेव्हा या गावांतील माणूस कोणत्या भूमिकेत असेल? आपल्या ओटीवर पाहुण्याचे स्वागत करणारा यजमान असेल, की परक्याच्या फार्महाऊसच्या फाटकावर उभा असलेला आणि कालपर्यंत त्याच जमिनीचा मालक असलेला पहारेकरी? ग्रामीण पर्यटनाची सगळी चर्चा अखेर याच प्रश्नापाशी येऊन ठेपते.

ग्रामीण भागात पर्यटन वाढले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पावसावर अवलंबून असलेली तुकड्यातुकड्यांची शेती एका कुटुंबाला बारा महिने पुरत नाही. शिकलेला मुलगा शहराची वाट धरतो आणि गावात म्हातारी माणसे व बंद घरे उरतात. कोकण अनेक पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगले, असे म्हटले जाते. त्या मनीऑर्डरच्या बदल्यात कोकणाने आपले कर्ते पुरुष मुंबईला दिले. गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत राबलेला हा चाकरमानी आज मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या इमारतींत स्थिरावला आहे. पैसा गावात यावा आणि त्यासाठी माणसाला गाव सोडावे लागू नये, अशी सोय जे थोडे व्यवसाय करू शकतात, त्यांत पर्यटनाचा क्रमांक बराच वरचा आहे. म्हणूनच ते कोणाच्या हाती राहते, याला महत्त्व आहे.

यात्रेची परंपरा

पर्यटन ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असे मानण्याची सवय आपल्याकडे जडली आहे. वास्तविक ज्या देशात शंकराचार्यांनी चार दिशांना चार पीठे स्थापिली आणि जिथे सामान्य शेतकरी आयुष्यात एकदा तरी काशी-रामेश्वर घडावे अशी आस धरतो, त्या देशाला प्रवासाचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नाही. आषाढी वारीत लक्षावधी वारकरी पंढरपूरकडे पायी निघतात. वाटेवरची गावे त्यांच्या मुक्कामाची, पाण्याची, भाकरीची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. नर्मदेच्या परिक्रमावासीला काठावरचा गरिबातला गरीब माणूसही शिधा दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. उपनगरांतील कितीतरी कुटुंबे दरवर्षी कुलदैवताच्या दर्शनाला कोकणात वा गोव्यात जातात आणि देवळाच्या अग्रशाळेत उतरतात. पुजारी, फुलविक्रेते, वाजंत्री, खानावळवाले अशा अनेकांचा चरितार्थ त्या यात्रेशी जोडलेला असतो.

या साऱ्या प्रथांत एक गोष्ट समान आहे. येणारा नम्र असतो आणि गाव यजमान असते. गावाचे नियम पाहुणा पाळतो. आधुनिक सहलीने हे नाते उलटे केले. पैसे मोजले म्हणजे गाव विकत घेतले, अशा थाटात वागणारा पर्यटक आणि त्याच्या तालावर नाचणारे गाव, असे चित्र अनेक ठिकाणी दिसू लागले. ग्रामीण पर्यटनाला विरोध करणारे सज्जन या चित्राकडेच बोट दाखवतात. पर्यटन आले की दारू येते, गोंगाट येतो, कचरा येतो, मुले बिघडतात, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. पण जिथे हे घडले, तिथे बहुधा त्याआधी जमीन हातची गेलेली असते. ज्याच्या हाती जमीन आणि घर आहे, तोच पाहुण्याला ‘हे येथे चालणार नाही’ असे सांगू शकतो. नोकराला ते सांगता येत नाही.

सोपा मार्ग आणि त्याची किंमत

जमीन विकणे हा गावापुढचा सर्वांत सोपा मार्ग असतो. अलिबाग, कर्जत, मुळशी, लोणावळा या टापूंत गेल्या काही दशकांत काय घडले, ते मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. रस्ता रुंद होण्याची बातमी आली की दलाल येतात. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरातले आजारपण यांपैकी काहीतरी निकडीचे असतेच. सातबाऱ्यावरचे नाव बदलते. आलेला पैसा घरावर, गाडीवर, लग्नावर खर्च होतो आणि काही वर्षांनी तेच कुटुंब त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बंगल्यात माळी, मोलकरीण आणि राखणदार म्हणून कामाला जाते. पर्यटन वाढलेले असते, आकडेही वाढलेले असतात. फक्त गावाची मालकी गावाकडे उरलेली नसते.

याच विचाराचे भव्य रूप म्हणजे पुणे जिल्ह्यातील मोसे खोऱ्यात उभे राहिलेले लवासा. डोंगरात परदेशी धाटणीचे नगर वसवण्याच्या या प्रकल्पाचे काम २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबवण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. प्रकल्प चालला असता तरी खोऱ्यातील मूळ माणसाचे स्थान त्यात कोणते राहिले असते, हा प्रश्न तेव्हाही होता. प्रकल्प फसल्यावर तो आणखी तीव्र झाला, कारण गेलेली शेती परत येत नाही.

एप्रिल १९६५ मध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईतच दिलेल्या चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. त्यांच्या विचारात अर्थव्यवस्थेच्या केंद्रस्थानी माणूस होता, आणि प्रगतीचे माप रांगेतील शेवटच्या माणसाच्या स्थितीवरून घ्यावे, ही अंत्योदयाची दृष्टी होती. पर्यटनालाही हेच माप लावले पाहिजे. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणाने १० वर्षांत १ लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट मोठे आहे आणि ते असावेही. त्यासोबत आणखी एक आकडा मोजला जावा: त्या १० वर्षांत किती गावकरी यजमान झाले, आणि किती जण जमीन विकून नोकर झाले.

वेळासने काय केले

हे शक्य आहे का, अशी शंका ज्यांना येते, त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास या गावाकडे पाहावे. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते, त्या बाणकोटजवळचे हे छोटे गाव. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासप्रेमींना ते ठाऊक होते, पण मुंबईकर पर्यटकाने तिकडे वाट वाकडी करावी असे तिथे काही आहे, हे फारसे कोणाला माहीत नव्हते.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या माद्या रात्री येऊन वाळूत खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्हीकुत्री खात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली येथे संवर्धनाचे काम सुरू केले. अंडी काढून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, मूळ खड्ड्याच्या आकाराच्याच खड्ड्यांत पुरली जाऊ लागली. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वाळूतून वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राच्या दिशेने सोडले जाते.

संस्थेच्या लक्षात आले की गावाला यात वाटा नसेल तर हे काम टिकणार नाही. त्यातून कासव महोत्सवाची कल्पना पुढे आली. पिल्ले बाहेर पडण्याच्या हंगामात शहरातील लोकांनी यावे, ती पाहावीत आणि गावातल्या घरांतच राहावे, अशी ही योजना. वेळासमध्ये त्यासाठी हॉटेल बांधले गेले नाही. ज्याच्याकडे एखादी खोली, स्वच्छ संडास-न्हाणीघर आणि पाहुण्याला जेवू घालण्याची इच्छा होती, तो यजमान झाला. पाहुणे पडवीत गाद्या टाकून झोपतात, घरच्यांच्याच हातचे जेवतात आणि पहाटे उठून किनाऱ्यावर जातात. तिथे दोरीच्या अलीकडे उभे राहायचे, पिल्लाला हात लावायचा नाही, हे नियम गावातले तरुण सांगतात आणि डॉक्टर, वकील, अभियंते असलेले मुंबईकर ते मुकाट्याने पाळतात.

वेळासमध्ये पैसा कसा फिरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हॉटेलात राहणाऱ्या पर्यटकाचा पैसा बहुतांशी मालकाच्या शहरातील खात्यात जातो. वेळासच्या पाहुण्याचा पैसा ज्या गृहिणीने भाकरी थापली तिच्या हातात पडतो. तिने तांदूळ आणि नारळ शेजाऱ्याकडून घेतलेले असतात. पाहुण्याला आणणारी जीप पंचक्रोशीतल्याची असते. जाताना तो कोकम, फणसपोळी, कुळथाचे पीठ बांधून नेतो. म्हणजे तोच पैसा गाव सोडण्यापूर्वी चारपाच घरांत हिंडतो. आणि ज्या गावाला कासवाचे अंडे एकेकाळी खाण्याचा वा विकण्याचा जिन्नस वाटे, त्या गावाला ते राखण्याचा अभिमान वाटू लागतो. पुढे वनविभागाच्या साहाय्याने कोकण किनाऱ्यावरील इतर गावांतही हे काम पसरले. निसर्गरक्षण आणि रोजगार यांत विरोध आहे, असे सांगणाऱ्यांना वेळासने कृतीने उत्तर दिले.

शेत आणि घर

ज्या गावाला समुद्र नाही, किल्ला नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर बारामती परिसरातून आले. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाची कल्पना संघटितपणे मांडली आणि पळशीवाडी येथे तिचा प्रयोग केला. शेतकऱ्याचे शेत हेच पर्यटनस्थळ, ही ती कल्पना. बैलगाडी, मोट, गोठा, हुरडा, विहिरीत पोहणे, चुलीवरचे जेवण यांना शहरातील माणूस दुरावला आहे. ज्या मुलाने दूध फक्त पिशवीतून आलेले पाहिले, त्याच्यासाठी गाईची धार काढताना पाहणे हीही शिकवण असते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि अशा केंद्रांच्या नोंदणीची व्यवस्था केली. शेतकऱ्याच्या खटाटोपाला त्यामुळे कागदावर नाव मिळाले.

येथे इटलीचे उदाहरण उपयोगी पडावे. त्या देशाने १९८५ मध्येच शेतावरील पाहुणचारासाठी स्वतंत्र कायदा केला. पाहुणचार करणारा प्रत्यक्ष शेती करणारा असावा आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहून पाहुणचार त्याला पूरक असावा, हे त्याचे सूत्र. यामुळे ओस पडू लागलेली डोंगराळ भागातील शेते आणि जुनी दगडी घरे टिकण्यास साहाय्य झाले. आपल्याकडे ‘कृषी पर्यटन’ अशी पाटी लावलेल्या काही ठिकाणी शेती शोभेपुरती आणि तरणतलाव व कर्कश संगीत मुख्य, असा प्रकार दिसतो. धोरणाचा लाभ देताना शेत खरोखर पिकते का, हे आधी पाहिले गेले पाहिजे.

सातारा जिल्ह्यातील भिलारने वेगळीच वाट दाखवली. पाचगणीजवळचे हे स्ट्रॉबेरीचे गाव मे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली, पण तिथे पुस्तकांची दुकाने आहेत आणि भिलारमध्ये गावकऱ्यांनी आपली घरे वाचकांसाठी उघडली. आरंभी २५ ठिकाणी सुमारे १५ हजार मराठी पुस्तके ठेवली गेली. कोणीही यावे, ओसरीवर बसून वाचावे. सरस्वतीला घरात जागा देणाऱ्या या गावाने पर्यटनाचा दर्जा गावाच्या संस्कारावर अवलंबून असतो, हे सिद्ध केले.

गर्दीला मर्यादा हवी

यशाबरोबर गर्दी येते आणि गर्दी सांभाळता आली नाही तर यशच गावाला खाते. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारशात गेले. फुलांच्या हंगामात वाहनांच्या रांगा लागू लागल्या आणि फुले पायदळी तुडवली जाऊ लागली. तेव्हा वनविभाग आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी व्यवस्था हाती घेतली. प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला ३ हजार पर्यटकांची मर्यादा घातली गेली. वाहनतळ, मार्गदर्शन आणि रखवाली या कामांतून गावच्या मुलांना हंगामी रोजगार मिळाला. सह्याद्रीत वैशाखाच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी भंडारदरा परिसरात लोटणाऱ्या गर्दीलाही अशीच शिस्त हवी आहे. काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीमधील संकेत असतात, आणि गाड्यांचे दिवे व विजेऱ्या त्या संकेतांत अडथळा आणतात. हे न समजता तिथे जाणारा माणूस जे पाहायला गेला तेच नष्ट करून येतो. त्याच डोंगररांगेतील अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पाहुणे आळीपाळीने वेगवेगळ्या घरांत उतरवले जातात. त्यामुळे एकाच घराची भरभराट आणि शेजाऱ्याची असूया, हा प्रकार टळतो.

पाहुण्याने कसे वागावे, याचा आदर्श शोधायला आपल्याला दूर जाण्याची आवश्यकता नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ स्वराज्याची घोडदळाची छावणी होती. रयतेकडून काही ओरबाडू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, नाहीतर तुमच्यापेक्षा मोगल बरे असे लोकांना वाटेल, अशी स्पष्ट ताकीद महाराजांनी तेथील अंमलदारांना पत्राने दिली होती. स्वतःच्या सैन्याला जे बंधन राजाने घातले, ते त्याच राजाचे गड पाहायला जाणाऱ्याने स्वतःला घालून घेऊ नये काय? महाराजांचा जयघोष करीत गड चढायचा आणि बाटल्या व वेष्टने तिथेच टाकून उतरायचे, याला भक्ती म्हणता येणार नाही.

गडाखालच्या गावांसाठी

आता पुन्हा बारा दुर्गांकडे वळू. रायगड, राजगड, सिंहगडावर ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकणाऱ्या माउल्या प्रत्येक गिर्यारोहकाला ठाऊक आहेत. कोणत्याही योजनेची वाट न पाहता त्यांनी गडावरचे ग्रामीण पर्यटन डोक्यावरच्या हंड्यातून उभे केले. मालवणला सिंधुदुर्गात जाणाऱ्या होड्या स्थानिक होडीवाले चालवतात, आणि तारकर्ली-देवबागच्या कितीतरी मच्छीमार कुटुंबांनी निवास-न्याहारीची व्यवस्था आपल्या घरांत केली आहे. जागतिक वारशाच्या संवर्धनाचे नियम कडक असतात आणि ते तसे असलेच पाहिजेत. पण ‘अतिक्रमण’ म्हणून सर्वांत आधी ताकवाली हटवली जाणार आणि पायथ्याशी बड्या हॉटेलला परवानगी मिळणार असेल, तर तो वारशाचा सन्मान ठरणार नाही. तिला गडाच्या शोभेला बाधा न आणणारी ठरावीक जागा, ओळखपत्र आणि पाण्याची सोय देणे शासनाला मुळीच अवघड नाही.

शासनाकडून अपेक्षा मोजक्याच आहेत. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. घोषणेला पाव शतक उलटून गेले, पण मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले रुंदीकरण २०२५ पर्यंतही पूर्ण झाले नव्हते. १९९८ मध्ये पूर्णत्वाने धावू लागलेली कोकण रेल्वे नसती तर कोकणचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. रस्ता, उन्हाळ्यातील पाणी, स्वच्छतागृहे आणि कचऱ्याची विल्हेवाट या चार गोष्टी शासनाने द्याव्यात. घरगुती निवासाच्या परवानग्या ग्रामपंचायतीच्या पातळीवर एकाच अर्जात मिळाव्यात. गावकऱ्याला कर्ज देताना बँकेने जमीन गहाण ठेवण्याचा आग्रह कमी करून बचत गटाच्या पतीवर विश्वास ठेवावा. आणि गडाखालच्या गावांत दिवसाला किती पाहुणे, मद्य व ध्वनिक्षेपक यांना कोणती बंधने, बाहेरच्या बांधकामांना कोणत्या अटी, हे ठरवताना ग्रामसभेचे मत निर्णायक मानावे.

एक दक्षता गावानेही घ्यायची आहे. पर्यटनाचा लाभ मोठ्या वाड्याच्या, मोठ्या बागेच्या मालकापाशीच अडकून राहिला तर गावात नवी दरी पडेल. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्याकडे कला आहे, वाटांचे ज्ञान आहे, होडी आहे, ढोल आहे. पाहुण्यांची नोंद गावाच्या एका समितीकडे असावी, काम सर्व वाड्यांना वाटले जावे, आणि यजमान म्हणून प्रत्येक समाजाचे घर उघडे व्हावे. मुंबईचा पाहुणा वाडीवाडीत जेवला, तर समरसतेचे जे काम शंभर भाषणांनी होत नाही ते एका पंगतीने होईल.

उपनगरांचे उत्तरदायित्व

शासन आणि गाव यांच्याइतकाच या व्यवहारातील तिसरा पक्ष महत्त्वाचा आहे, आणि तो मुंबईच्या उपनगरांत राहतो. जोडून सुट्टी आली की बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडहून हजारो कुटुंबे बाहेर पडतात. ती कुठे उतरतात आणि कोणाच्या हातात पैसे ठेवतात, यावर गावांचे भवितव्य बरेच अवलंबून आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षातील एक तरी सहल गावकऱ्याच्या घरी करण्याचा संकल्प सोडला, तर त्यासाठी कोणत्याही शासकीय योजनेची वाट पाहावी लागणार नाही.

ही घरे दूर आहेत असेही नाही. पश्चिम उपनगरांतील लोकांसाठी २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या तेथून जवळ आहेत. त्याच डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली आणि २०११ मध्ये ते पद्मश्रीने सन्मानित झाले. त्यांच्या समाजाची कला उपनगरांतील दिवाणखान्यांत भिंतीवर टांगलेली असते, पण ती काढणाऱ्यांच्या अंगणात किती जण गेले आहेत? वसई तालुक्यातील भालिवली येथे विवेक ग्रामविकास केंद्रात वनवासी महिला बांबूच्या वस्तू बनवायला शिकतात. त्यांच्या हातच्या वस्तू घेणे हीदेखील राष्ट्रसेवाच आहे. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांना कसारा आणि कर्जतच्या लोकलने सह्याद्रीचा पायथा गाठता येतो. आसनगावला उतरले की माहुलीचा किल्ला समोर दिसतो.

ज्या कुटुंबांचे मूळ कोकणात आहे, त्यांच्यावर आणखी एक उत्तरदायित्व येते. त्यांच्या गावी एक घर आहे. गणपतीत वा शिमग्यात दहा दिवस उघडणारे, एरवी कुलूपबंद. दर पावसाळ्यात त्याची चार कौले सरकतात, एखादी भिंत ओल धरते आणि एक दिवस भाऊबंदांत विचार निघतो की विकून टाकू. उपनगरात जन्मलेल्या पिढीला त्या घराशी फारसे देणेघेणे वाटत नाही, आणि दलाल तर वाटच पाहत असतो. त्या घराची विक्री ही कुटुंबाची खाजगी बाब खरी, पण अशा पन्नास विक्रींनी एक गाव संपते.

त्याला पर्याय आहे. भाऊबंदांनी एकत्र बसून घराची डागडुजी करावी, संडास-न्हाणीघर नीट करावे आणि गावात राहिलेल्या चुलत्याच्या वा शेजाऱ्याच्या हाती पाहुण्यांसाठी ते सोपवावे. उत्पन्नातला मोठा वाटा जो गावात राहून राबतो त्याचा असावा आणि उरलेल्यातून घराचा खर्च निघावा. देवघरात रोज दिवा लागेल, परसातले माड शिंपले जातील, गावातल्या एका कुटुंबाला मुंबई गाठावी लागणार नाही. सणाला मुंबईहून येणाऱ्यांना पूर्वजांचे घर उभे आणि नांदते मिळेल. एकदा विकलेले घर मात्र कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही, आणि मिळाले तरी तोवर गाव गावासारखे उरलेले नसते.

बारा दुर्ग जगाच्या नकाशावर गेले. ते राखणारे हात मावळातील, कोकणातील, बागलाणातील याच गावांतून आले होते. त्या हातांच्या वारसांना आपल्याच डोंगराखाली भाडोत्री होऊ द्यायचे की यजमान म्हणून ताठ उभे राहू द्यायचे, याचा निर्णय मंत्रालयात होईल तितकाच उपनगरांतील घराघरांत, पुढच्या सुट्टीचे बेत ठरताना आणि गावच्या घराच्या कागदांवर सही करण्याचा प्रसंग येईल तेव्हा होणार आहे.